चीर कुठे पडली ते आधी पाहा

स्वतःच्या मापाने बांधून घेतलेली सायकलची स्टीलची फ्रेम चिरली की मालकाच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "पाइपच हलका लावला." पण अशा फ्रेमचा पाइप बहुतेकदा क्रोमोली स्टीलचा असतो: लोखंडात सुमारे ०.३ टक्के कार्बन, टक्काभर क्रोमियम आणि जरासं मॉलिब्डेनम. असा पाइप स्वतःहून मध्येच क्वचित तुटतो. चीर सुरू होते ती सहसा जोडाच्या आसपास, आणि तिची नेमकी जागा पाहिली तर दोष कशात आहे हे बऱ्यापैकी कळतं. बांधणाऱ्याला फोन लावायच्या आधी तेवढं तरी पाहायलाच हवं.

धातू एका दणक्याने तुटतो, तसा तो दमूनही तुटतो. ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं, की एकदा सहज पेलता येणारा भारही पुन्हा पुन्हा पडत राहिला तर पोलाद चिरतं. सायकलच्या बाबतीत हे 'पुन्हा पुन्हा' म्हणजे किती? छत्रपती संभाजीनगरहून पैठण साधारण ५० किलोमीटर. ताशी २० च्या वेगाने, मिनिटाला ७० वेळा पायडल फिरवत गेलात तर पोचेपर्यंत दहा हजारांवर फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात फ्रेमचा खालचा भाग एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे लचकतो. त्यात आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता वरखाली होतो. त्या प्रत्येक उंचवट्याचा धक्का पुढच्या चिमट्यातून थेट पुढच्या जोडांना बसतो.

सायकलींसाठीच्या आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकात पायडलच्या जोराची चाचणी १,००,००० आवर्तनांची आहे, आणि जोर असतो १००० न्यूटन किंवा त्याहून जास्त, म्हणजे निदान शंभर किलो वजनाइतका. कारखाना नमुन्याची फ्रेम अशा चाचणीला देऊ शकतो. एकाच गिऱ्हाइकासाठी एकच फ्रेम बांधणाऱ्याला ते शक्य नसतं, कारण चाचणीत त्या फ्रेमचं आयुष्यच खर्ची पडतं. म्हणून इथे सगळा भरवसा जोडाच्या कामावर.

टिग वेल्डिंगचा, म्हणजे विजेच्या ठिणगीने धातू वितळवून केलेल्या जोडाचा, उंचवटा जिथे संपतो आणि पाइप सुरू होतो, त्या कडेवर ताण एकवटतो. तिथे उष्णतेने बारीकसा चर पडला तर त्याला वेल्डर अंडरकट म्हणतात. पाइपाची जाडी ०.८ मिलिमीटर आणि चर ०.२ मिलिमीटर असेल, तर पाव जाडी तिथेच गेली. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: वेल्ड केलेला जोड किती आवर्तनं टिकेल, हे मूळ स्टील किती मजबूत आहे यावर फारसं अवलंबून नसतं. महागड्या पाइपाने वजन वाचतं, पण कच्चा जोड वाचत नाही. टिगमध्ये वितळलेल्या धातूवर आरगॉन वायूचं आवरण लागतं. मे महिन्यात वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये पंखा किंवा कूलर सुरू ठेवून वेल्डिंग केलं, तर तो वायू उडून जातो, हवा आत शिरते आणि जोडात सूक्ष्म छिद्रं राहतात. त्या उकाड्यात पंखा बंद करून घामाघूम होत काम करणाऱ्या वेल्डरबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

मापाच्या फ्रेमला एक खास धोकाही असतो. चांगले पाइप टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात, उदाहरणार्थ टोकांना ०.८ आणि मध्ये ०.५ मिलिमीटर. जाड टोक वेल्डची उष्णता आणि ताण सोसण्यासाठी असतं. बुटक्या माणसाची फ्रेम बांधताना पाइप कापावा लागतो. तो चुकीच्या टोकाकडून जास्त कापला गेला, की जोड पातळ भागाच्या अगदी जवळ येतो. जोडापासून थोडं दूर, पाइप जिथे पातळ होतो तिथेच चीर पडली असेल, तर बांधणाऱ्याला पहिला प्रश्न याचाच विचारा.

दांडी आणि खालचा पाइप हँडलजवळ खालून फुगलेला किंवा सुरकुतलेला दिसला, तर सायकल कुठेतरी समोरून आदळलेली आहे. तो दोष बांधणाऱ्याच्या माथी मारणं अन्यायाचं ठरेल. सीटच्या पाइपाला वर चीर असेल, तर सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा सरकता दांडा, त्याच्यावरच्या किमान खुणेपर्यंत आत होता का ते पाहा.

चाक फ्रेममध्ये एका बाजूला बसतं, अशीही तक्रार नेहमी येते. आधी चाक काढून उलटं बसवा. कल दुसऱ्या बाजूला गेला तर दोष चाकात, तिथेच राहिला तर फ्रेममध्ये. मग मागच्या आसाच्या एका खाचेपासून दोरा ताणून फ्रेमच्या पुढच्या, हँडल बसतं त्या नळीला वळसा द्या आणि दुसऱ्या खाचेपर्यंत आणा. सीटचा पाइप दोन्हीकडच्या दोऱ्यापासून सारख्या अंतरावर हवा. मिलिमीटरभर फरक चालतो. तीन मिलिमीटर आला तर फ्रेम परत पाठवा. स्टीलची फ्रेम जाणकार हाताने थंड अवस्थेत वाकवून सरळ करता येते, ॲल्युमिनियमच्या बाबतीत ते करू नये.

चीर दिसल्यावर तिच्यावर ग्राइंडर मात्र फिरवू देऊ नका. रंगाला तडा गेलाय की धातूला, हे पाहायला वर्कशॉपमध्ये डाय पेनेट्रंटचे फवारे मिळतात: फ्रेमचा तिथला रंग काढून जागा स्वच्छ करायची, लाल रंग मारायचा, दहाएक मिनिटांनी पुसायचा, वर पांढरा थर द्यायचा. धातूत चीर असेल तर लाल रेघ उमटते. पाइप पूर्ण तुटला असेल तर तुटलेला पृष्ठभाग जपा. दमून पडलेल्या चिरेवर झाडाच्या खोडासारखी वलयं दिसू शकतात, आणि गंजलेला भाग म्हणजे जुनी चीर. ती वलयं जिथून सुरू होतात तिथेच मूळ दोष सापडतो. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, आणि दोऱ्याने घेतलेली मापंही सोबत पाठवा.

चिरेवर नुसता वेल्डचा आणखी एक थर चढवला तर खालची चीर तशीच राहते आणि कड पुन्हा तापते. खरा उपाय म्हणजे तो पाइप कापून बदलणं. फ्रेम मुळात पितळेच्या झाळेने, म्हणजे पाइप न वितळवता मध्ये पितळ वितळवून जोडलेली असेल, तर तिथे टिग मुळीच नको: वितळलेलं पितळ स्टीलच्या कणांमधल्या सीमांत शिरतं आणि नवीन चिरा पाडतं. तिथे जोड पुन्हा झाळेनेच करून घ्यावा.