हार्डटेल गिटारला नंतर व्हायब्रॅटो बसवायचा: या उद्योगाची पार्श्वभूमी

बिग्सबी लावला की ट्यूनिंगची वाट लागली म्हणून समजा, हे वाक्य प्रत्येक इलेक्ट्रिक गिटारवाल्याने कधी ना कधी ऐकलेलं असतं. अनुभव काही खोटा नाही, हार्डटेलवर, म्हणजे तारांचा मागचा आधार पक्का असलेल्या गिटारवर, नंतर व्हायब्रॅटो (दांडा दाबून सूर हलवायची यंत्रणा, बिग्सबी हा त्यातलाच एक) बसवला की बऱ्याचदा ट्यूनिंग खरंच जातं. पण ज्या पार्टवर खापर फुटतं तो मुळात ज्या गिटारसाठी केला होता ती गिटारच वेगळी होती, तारा वेगळ्या होत्या, वाजवायची पद्धत वेगळी होती, आणि हे सगळं बाजूला ठेवून आपण फक्त त्या दांड्याला शिव्या घालतो.

ट्रेमोलो म्हणायचं की व्हायब्रॅटो या वादात इथे शिरत नाही. 1954 साली एका मोठ्या कंपनीने सूर हलवणाऱ्या यंत्रणेला ट्रेमोलो म्हटलं, पुढे आवाज कमीजास्त करणाऱ्या अँपच्या सर्किटवर व्हायब्रॅटो असं छापलं, आणि तेव्हापासून सगळा उलटासुलटा कारभार आहे. व्हॅमी म्हणा, काहीही म्हणा.

सुरुवात 1929 ची. त्या साली कॅलिफोर्नियातल्या एका हरहुन्नरी माणसाने हलणाऱ्या टेलपीसच्या (तारांची मागची टोकं धरणारा भाग) पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा अमेरिकेत हवाईयन गिटारचं वेड होतं, मांडीवर आडवी ठेवून लोखंडी पट्टीने वाजवायची ती, आणि तिच्यासारखा लांबणारा, थरथरणारा सूर साध्या गिटारमधून काढायचा हा सगळा खटाटोप. दांडा खाली दाबायचा नाही तर आडवा हलवायचा, आणि सोडल्यावर सूर मूळ जागी येईल याची काही खात्री नाही. 1937 च्या सुमारास याच माणसाची मोटर लावलेली आवृत्तीसुद्धा निघाली, दांड्याची कटकटच नको म्हणून, पण ती गिटार इतकी जड झाली की तिच्याबरोबर स्टँड द्यावा लागायचा. या भागाबद्दल एवढं पुरे.

खरी गोष्ट 1940 चं दशक संपताना सुरू होते. लॉस एंजेलिसजवळच्या डाउनीमध्ये मोटरसायकलींचं वेड असलेला, मशीनशॉप आणि पॅटर्नमेकिंगमध्ये हात बसलेला बिग्सबी नावाचा एक माणूस होता. एका नावाजलेल्या कंट्री गिटारिस्टने आपला तो जुना आडवा दांडा त्याच्याकडे दुरुस्तीला नेला, कारण तो सुरात परत येतच नव्हता. दुरुस्ती करून करून कंटाळल्यावर त्याने सरळ नवीनच यंत्रणा केली. ॲल्युमिनियमची ओतीव फ्रेम, तिच्यात गोल फिरणारी एक सळई, सळईवर सहा पिना, पिनांमध्ये तारांचे बॉल एंड (टोकाची गोल कडी) अडकवायचे आणि तार सळईला गुंडाळून पुढे न्यायची, दांड्याखाली एकच जाड स्प्रिंग. दांडा दाबला की सळई थोडी फिरते, तारा ढिल्या होतात, सूर अर्धा-पाऊण टप्पा उतरतो, सोडला की स्प्रिंग सळईला परत आणते. बस एवढंच. त्यावरून विमान खाली सोडल्यासारखे आवाज काढावेत अशी कुणाची अपेक्षाच नव्हती, कॉर्ड वाजवून झाली की तिला शेवटी जरासा हेलकावा द्यायचा, एवढंच काम.

आणि ही वस्तू पहिल्यापासून नंतर बसवायचीच होती, हे लोक विसरतात. त्या काळच्या आर्चटॉप, म्हणजे फुगीर तोंडाच्या पोकळ गिटारींना मागच्या टोकाला स्क्रूने लावलेला ट्रॅपीझ टेलपीस असायचा. तो काढायचा, त्याच जागी शेवटाला बिग्सबीचा बिजागरासारखा भाग लावायचा, झालं. बॉडीच्या वरच्या बाजूला भोक पाडायची गरजच नाही. ब्रिज, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो भाग, तोही उंच, लाकडी, नुसता ताराच्या दाबावर उभा, त्यामुळे सळईवरून आलेली तार ब्रिजवर आपोआप बऱ्यापैकी कोनात चढायची, दाब ना जास्त ना कमी.

मग आल्या सॉलिड बॉडी, आणि इथून घोळ सुरू झाला. 1950 नंतर आलेल्या त्या सपाट, सरळ गळ्याच्या गिटारवर ब्रिज बॉडीपासून जेमतेम वर असतो. तिच्यावर बिग्सबी ठेवला तर सळईची उंची आणि ब्रिजची उंची जवळपास सारखीच येते, म्हणजे तार ब्रिजवरून जवळजवळ आडवीच जाणार, दाब नाही, जोरात पिक मारला की तार सॅडलमधून (ब्रिजवरच्या तिच्या खाचेतून) उडी मारणार. यावर उपाय म्हणून ब्रिज आणि मुख्य सळईच्या मध्ये दुसरी एक सळई टाकली, जिच्याखालून तारा न्यायच्या म्हणजे त्या खाली दाबल्या जातील. हीच ती टेन्शन बार. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या बी5 या बिग्सबी मॉडेलवर ती आहे, लेस पॉलसारख्या गिटारींसाठीच्या बी7 वर पण आहे.

माझ्या मते नंतरच्या सगळ्या भांडणांचं मूळ या एका निर्णयात आहे. टेलिकास्टरसारख्या सपाट गिटारवर टेन्शन बारची खरंच गरज होती, त्याबद्दल वाद नाही. पण लेस पॉलचा गळा मागे कललेला, वरची बाजू फुगीर, ब्रिज मुळातच उंच. तिथे दाब कमी पडत नव्हता. तरी बी7 मध्ये बार आलाच, आणि तो ब्रिजच्या इतका जवळ बसतो की तार सॅडलवरून जवळजवळ कोसळतेच. बार फिरतो हे खरं, पण सॅडल फिरत नाही ना! त्या टोकदार धातूच्या सॅडलवर तार दाबून धरलेली, दांडा दाबला की तिने पुढे सरकायचं आणि सोडला की बरोबर तेवढंच मागे यायचं, ते होत नाही, मधे कुठेतरी अडकते. बिनबारचा बी3 असतो तो पातळ पोकळ गिटारींसाठी, आणि कित्येक लोक मुद्दाम लेस पॉलवर तोच लावतात, किंवा बी7 चा बार काढूनच टाकतात, किंवा तारा बारच्या खालून न नेता वरून नेतात. उलट बाजूचे लोक म्हणतात की बार काढला की सस्टेन (सूर टिकणं) गेला, तारा खडखडतात, आणि बारबरोबरचा तो आखूड, ताठ फील गेला. त्यांच्यातही तथ्य आहे, पण ट्यूनिंगच्या प्रश्नावर मी बार काढणाऱ्यांच्या बाजूने आहे, हे लपवून काय उपयोग.

दुसरा गुन्हेगार नट, म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, आणि तो तर बिग्सबीचा भागच नाही. दोन्हीकडे तीन-तीन खुंट्या असलेल्या हेडस्टॉकवर डी आणि जी या तारा नटमधून निघाल्या की बाहेरच्या बाजूला वळतात, आणि खाच जरा अरुंद असेल तर जी तिथे चावली जाते. ट्यून करताना टिंग असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो ना, तो हाच. नेमकं कुठे अडकतंय हे ओळखायची जुनी खूण आहे. दांडा खाली दाबून सोडा. तार मूळ सुरापेक्षा चढी राहिली तर अडकतंय नटमध्ये, कारण दाबल्यावर हेडस्टॉककडच्या तुकड्याने तार आपल्याकडे ओढून घेतली आणि ती परत सुटली नाही. उतरलेली राहिली तर अडकतंय ब्रिजवर. हे न तपासता लोक व्हायब्रॅटोच काढून विकतात.

तारांचंही तसंच. 1950 च्या दशकात जाड तारा असायच्या, बाराच्या (पहिली तार 0.012 इंच) वगैरे, आणि तिसरी तार गुंडाळलेली. 60 च्या दशकात पातळ सेट आले, तिसरी तार साधी झाली, बेंड करायला सोपी. पण साधी जी तार दांड्याबरोबर बाकीच्यांपेक्षा जास्त वेगाने उतरते, म्हणून अख्खी कॉर्ड हलवली की तीच आधी वाकडी ऐकू येते. गुंडाळलेल्या जीवर हा फरक बराच कमी असायचा. यंत्रणा तीच, तारा बदलल्या.

आता भोकांकडे येऊ, कारण नंतर बसवण्याच्या इतिहासात निम्मं रडगाणं भोकांचंच. बी5 ला वरून चार स्क्रू, बी7 ला वर दोन आणि मागच्या टोकाला बाकीचे. 1958 ते 60 च्या सनबर्स्ट लेस पॉलपैकी काहींवर त्या काळी बिग्सबी लावले गेले, काही कारखान्यातूनच, काही दुकानात. मग ब्लूज-रॉकची लाट आली, स्टॉपबारचाच (बॉडीत ठोकलेल्या दोन स्टडवर, म्हणजे खुंटांवर, बसणाऱ्या पक्क्या टेलपीसचा) टोन खरा असं ठरलं, आणि लोकांनी बिग्सबी काढून स्टड ठोकले. आज अशा गिटारच्या तोंडावर बुजवलेली दोन भोकं दिसली की संग्राहक नाक मुरडतात आणि भाव पडतो, मग ती वाजते कशी हे कुणी विचारत नाही.

यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट 1958 ला आलेल्या सेमी-हॉलो (अर्ध्या पोकळ) 335 या गिटारची. गिब्सनच्या कलमाझूच्या कारखान्यात स्टॉपबारची दोन भोकं पाडून झालेली असायची, आणि त्या बॉडीवर बिग्सबी बसवून दिला की ती दोन भोकं उघडी पडायची. मग काय केलं, तर त्यांच्यावर काळ्या प्लास्टिकची एक छोटी पट्टी लावली, त्यावर कोरलेलं: ‘कस्टम मेड’! भोक झाकायचं झाकण, आणि त्यावर खास बनवल्याचा शिक्का. काहींवर पट्टीऐवजी मोत्याच्या शिंपल्याचे दोन ठिपके आहेत. आज ती पट्टी असलेल्या जुन्या गिटारी लोक कौतुकाने दाखवतात.

याच कारखान्याने 1961 मध्ये स्वतःचा आडवा ओढायचा व्हायब्रोला काढला, तो इतका ताठ आणि विचित्र होता की एक-दोन वर्षांतच त्याजागी वाकवलेल्या पत्र्याच्या स्प्रिंगचा साधा प्रकार आला, ज्याच्या लांब प्लेटवर वीणेसारखं चित्र असतं. ज्या माणसाने हा कारखाना इतकी वर्षं चालवला त्यानेच 60 च्या दशकाच्या मध्यावर बिग्सबीचा धंदा विकत घेतला, हेही एक गंमतच. पुढे 1999 आणि 2019 मध्ये मालकी अजून दोनदा बदलली.

1954 च्या स्ट्रॅटोकास्टरच्या पद्धतीचं नंतर बसवणं म्हणजे वेगळाच मामला. तिच्यात ब्रिजच हलतो, खाली धातूचा जाड ब्लॉक आणि मागून स्प्रिंगा, म्हणजे बॉडी आरपार कोरायची. हार्डटेल स्ट्रॅटला हे करायचं म्हणजे अर्धी सुतारकी. तरी 1979 ला लॉकिंग ब्रिजचं पेटंट मिळालं, नट आणि ब्रिज दोन्हीकडे तार आवळून धरायची म्हणजे अडकायचा प्रश्नच मिटला, आणि 80 च्या दशकात त्या फ्लॉइड रोझ नावाच्या ब्रिजसाठी लोकांनी चांगल्याचुंगल्या हार्डटेल, अगदी लेस पॉलसुद्धा, लाकूड कोरणाऱ्या राउटरखाली घातल्या. त्याच काळातला काहलर व्हायब्रॅटो कॅमवर चालायचा, वरून बसायचा, कमी कोरावं लागायचं, आणि त्याचा एक प्रकार थेट स्टॉपबारच्या स्टडवर बसायचा. त्या प्रकाराला तेव्हा हवी तेवढी किंमत मिळाली नाही असं मला वाटतं, कारण पुढचा सगळा धंदा त्याच कल्पनेवर उभा राहिला.

2000 नंतर जुन्या गिटारींचे भाव इतके चढले की भोक पाडायला कुणाचा हातच धजेना. मग ॲडॉप्टर प्लेट आल्या. स्टॉपबार काढायचा, त्याच दोन स्टडच्या भोकांत प्लेट आवळायची, प्लेटवर बिग्सबी, नको झाला की सगळं उलट. व्हायब्रामेट हे त्यातलं सगळ्यात ऐकू येणारं नाव. लेस ट्रेम, स्टेट्सबार वगैरे मंडळींनी तर बिग्सबीलाच फाटा देऊन स्टडवर बसणाऱ्या स्वतंत्र यंत्रणा केल्या. टेलिकास्टरसाठीही अशा प्लेट आहेत, फक्त तिथे मुळात तारा बॉडीच्या आरपार येतात, त्यामुळे बऱ्याचदा ब्रिजही बदलावा लागतो.

पिनेवरून सारखा निसटणारा बॉल एंड, तो चिमट्याने तारेला आधीच बाक देऊन सळईखाली स्पंजचा तुकडा कोंबून धरायचा, हे मात्र 1950 च्या दशकापासून तसंच चालू होतं. त्यावर आता पिनेवर बसवायची छोटी आकडी मिळते, तार नुसती खाचेत टाकायची. आणि बारचा वादही बाजाराने आपल्या परीने सोडवलाय: सॅडल फिरणारे रोलर ब्रिज, जे 50 च्या दशकाच्या अखेरीपासून काही हॉलो बॉडींवर होतेच, ते आता कुठल्याही स्टॉपबार गिटारच्या खांबांवर बसतील अशा मापात मिळतात, आणि बी7 चा कोन कमी करणारे बदली बारसुद्धा.