मेर्तोला: जिथे नदीची वाट संपते

मेर्तोलाच्या मुख्य चर्चमध्ये शिरल्यावर वेदीच्या मागे जाऊन भिंत पाहावी. तिथे मेहराब आहे, नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही मशीद पुढे चर्च झाली, पण ती पाडून नवे चर्च उभारले गेले नाही. आतल्या खांबांच्या रांगा आणि घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानींची दारे अजून आहेत. पोर्तुगालमध्ये मशिदीची घडण इतकी शाबूत असलेली दुसरी मध्ययुगीन इमारत नाही.

दक्षिण पोर्तुगालच्या आलेंतेजु प्रांतात, ग्वादियाना नदीच्या उजव्या काठावरच्या टेकडीवर हे छोटे गाव वसले आहे. ते इथेच का, याचे उत्तर नदीत आहे. समुद्रापासून सुमारे ७० किलोमीटर आत असूनही भरतीचे पाणी इथवर चढते, आणि त्याच पाण्यावर गलबते वर येत. गावाच्या वरच्या अंगाला मात्र खडकाळ पात्र आणि 'पुलु दु लोबु' नावाचा धबधबा वाट अडवतात. म्हणजे माल उतरवायचा तो इथेच आणि पुढे खुष्कीच्या मार्गाने न्यायचा. आसपासच्या डोंगरांतले धातू आणि धान्यही इथूनच बाहेर जाई. भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांना हा धक्का रोमनांच्या आधीपासून ठाऊक होता. रोमनांनी गावाला 'मिर्तिलिस' म्हटले. सहाव्या शतकातल्या इथल्या ख्रिस्ती थडग्यांवर लॅटिनबरोबर ग्रीक लेखही सापडतात. पूर्वेकडची माणसे इतक्या दूर येऊन राहिली, मेली, पुरली गेली.

अरबी काळात गाव 'मार्तुला' झाले. अकराव्या शतकात काही वर्षे ते एका छोट्या स्वतंत्र राज्याची राजधानी होते. ११४४ मध्ये इब्न कासी या सूफी नेत्याने उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अल्मोराविद या मुस्लिम राजघराण्याच्या सत्तेविरुद्ध बंड करून हे गाव घेतले. त्याचा अश्वारूढ पुतळा आज किल्ल्याजवळ उभा आहे. ज्याच्या धर्माची सत्ता इथून हटवली गेली, त्याचाच पुतळा या गावाने उभारला, हे मला फार मोलाचे वाटते.

१२३८ मध्ये राजा दुसरा सांशु याच्या काळात गाव पोर्तुगीजांकडे आले आणि सांतियागु या लष्करी धर्मसंघाच्या ताब्यात गेले. किल्ल्याचा मुख्य बुरूज १२९२ चा. मशिदीचे छत सोळाव्या शतकात बदलले गेले, भिंती राहिल्या. त्याच शतकात त्याच पोर्तुगीज राजवटीखाली गोव्यात तिसवाडी-सासष्टीत देवळे पाडली जात होती आणि मंगेशासारखे देव नदीपार फोंड्याकडे हलवावे लागत होते. आपल्याकडच्या वाचकाला तो मेहराब पाहताना हे आठवल्याशिवाय राहत नाही. माझ्या मते मेर्तोलातली मशीद टिकली ती औदार्यामुळे नव्हे. चर्च म्हणून ती आधीच वापरात होती, आणि व्यापार ओसरत चाललेल्या गावाला नवे बांधण्याची निकडही नव्हती.

एकोणिसाव्या शतकात नदी पुन्हा गजबजली. १८५८ पासून जवळच्या सांव दुमिंगुशमध्ये एका इंग्रज कंपनीने खाण चालवली. खनिज रेल्वेने पुमारांवच्या धक्क्यावर येई आणि तिथून जहाजांत चढे. १९६० च्या दशकात खाण बंद पडली आणि माणसे कामाच्या शोधात बाहेर पडली.

आज पर्यटक ज्यासाठी येतात ते मेर्तोला त्यानंतरचे. १९७४ च्या क्रांतीने हुकूमशाही संपली. पुढे नगराध्यक्षांच्या निमंत्रणावरून क्लाउदियु तोरिश हे इतिहासकार गावात आले आणि १९७८ पासून उत्खनन सुरू झाले. सापडलेल्या वस्तू राजधानीला न पाठवता गावातच ठेवल्या गेल्या. त्यामुळे संग्रहालय एका इमारतीत नाही, गावभर विखुरले आहे. नगरपालिकेच्या तळघरात रोमन घर आहे. इस्लामी कलेच्या दालनात रंगीत झिलईची भांडी आहेत. एका विणकामशाळेत लोकरीच्या जुन्या नक्षीच्या घोंगड्या आजही हातमागावर विणल्या जातात. २००१ पासून दर दोन वर्षांनी मे महिन्यात इस्लामी महोत्सव भरतो, तेव्हा गल्ल्यांवर कापडी छते ताणून बाजार मांडतात.

वेळ थोडाच असेल तर चर्च आणि किल्ला यांच्यामधल्या उत्खननात तो घालवावा. तिथे बाराव्या शतकातल्या घरांचे पाये आहेत. वस्ती उठल्यावर त्या जागी ख्रिस्ती लोकांनी दफनभूमी केली, आणि त्या घरांच्याही खाली रोमन चौकाला पेलणारा दगडी भुयारी मार्ग आहे. त्यात उतरता येते.