शेक चालू असताना पथ्य कशाचं?

मुंबईत परळच्या कॅन्सर रुग्णालयात उपचारासाठी आलेली माणसं रेडिएशनला, म्हणजे किरणोपचाराला, 'शेक' म्हणतात, कुणी 'लाइट' म्हणतं. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला साधारण ३० ते ३५ शेक, आठवड्यातून पाच. 'किती शेक' हे कळलं की घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पथ्य काय?

सगळा गुंता या एका शब्दात आहे. आयुर्वेदात पथ्य म्हणजे शरीराला हितकर ते, आणि त्याच्या उलट ते अपथ्य. 'पथ्यावर पडणं' या आपल्या वाक्प्रचारात तो अर्थ अजून टिकून आहे. रोजच्या बोलण्यात मात्र पथ्य म्हणजे काय खायचं नाही त्याची यादी. त्यात 'शेक' या शब्दामुळे उपचार उष्ण वाटतो, म्हणून अंडी बंद, शेंगदाणे बंद. दही कफ करतं म्हणून तेही बंद. गेल्या काही वर्षांत मोबाइलवरून साखरेची भीती आली. तिचं मूळ १९२०च्या दशकातल्या एका जर्मन शास्त्रज्ञाच्या निरीक्षणात आहे: कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज फार वापरतात. ते खरंच आहे. पण आहारातली साखर तोडली म्हणून गाठ उपाशी राहत नाही. शरीर स्वतःचे स्नायू मोडून ग्लुकोज बनवतं, आणि खंगतो तो माणूस. एवढं सगळं बंद झाल्यावर उरते तांदळाची पातळ पेज. तिच्यावर सहा-सात आठवडे निभत नाहीत.

गोंधळाला एक खरं कारणही आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी ओटीपोटावर शेक देतात, तेव्हा जुलाब लागतात. मग दूध, पालेभाज्या, तिखट-तेलकट काही दिवस कमी करावं लागतं. तिथे वगळण्याचं पथ्य बरोबरच आहे. धर्मशाळेत शेजारच्या खाटेवरच्या बाईचं हे पथ्य तोंडाचा शेक घेणाऱ्याने उचललं की नुकसान होतं, कारण त्याला हवं असतं नेमकं उलट: दुधातलं नाचणीचं सत्त्व, तूप घातलेला गुरगुट्या भात, घट्ट वरण, मऊ उकडलेलं अंडं. कोमट, बिनतिखट, दर दोन तासांनी थोडं थोडं.

परळचं कॅन्सर रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. पुढे शेक देणारी कोबाल्टची मशिनं आली. त्या काळात आहार हा शुश्रूषेचा भाग मानला जाई. २००० नंतर उपचार मिलिमीटरच्या हिशेबाने होऊ लागले आणि चित्र बदललं. रुग्णाच्या चेहऱ्यावर बेतलेला मास्क लावून मशिन नेम धरतं. वजन उतरलं की गाल बसतात, मास्क सैल होतो, कधी सगळं नियोजन नव्याने करावं लागतं. म्हणजे जेवण आता थेट उपचाराच्या नेमाशी जोडलं गेलं आहे.

२००५ साली पोर्तुगालमधला ७५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डोकं-मानेच्या कॅन्सरचे हे रुग्ण होते. काहींना घरच्याच अन्नाबद्दल नीट, वारंवार सल्ला दिला, काहींना प्रथिनांची पेयं दिली, काहींना आपल्या मनाने खायला सोडलं. उपचार संपल्यावर तीन महिन्यांनीही आहार टिकला तो सल्ला मिळालेल्यांचा. प्रथिनांच्या पावडरच्या महागड्या डब्यांसाठी उसने पैसे काढणाऱ्या घरांना हे कुणीतरी सांगायला हवं. प्रथिनं वजनाच्या किलोमागे रोज १ ग्रॅमहून जास्त, जमल्यास १.५ ग्रॅम लागतात, आणि एका अंड्यात ती साधारण ६ ग्रॅम असतात. हा हिशेब स्टोव्हवर बसतो, पण उपचारासाठी येऊन फुटपाथवर राहणाऱ्याकडे स्टोव्हही नसतो.

गिळणंच थांबलं तर नाकातून नळी घालतात. नळी म्हणजे शेवट आला, अशी समजूत अजून आहे, म्हणून होकार यायला आठ-दहा दिवस जातात. नळीतून तेच घरचं अन्न पातळ करून, गाळून जातं, आणि बहुतेकांची ती नंतर काढतात.

शेवटचा शेक झाला की लोक त्याच रात्री गावाची गाडी पकडतात. तोंडातली जखम मात्र पुढचे काही आठवडे भरत असते, आणि वजनाचा तक्ता मुंबईतच राहिलेला असतो.