मेणबत्ती ओढून विझवा पाहू!

नात्यातल्या एका मुलीला वाढदिवसाला प्लास्टिकची पारदर्शक डबी मिळाली. आत मूठभर खडे, एक हिरवी काडी आणि अंगठ्याच्या पेराएवढे दोन बेडूक. सोबतच्या कागदावर छापलं होतं : ‘स्वयंपूर्ण परिसंस्था. पाणी बदलायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा चार दाणे टाका.’ तीन आठवड्यांनी तिचा फोन. दाणे तळाशी तसेच पडलेत, त्यांना बुरशी आलीय आणि बेडूक वाळत चाललेत. ‘त्यांना आवडत नाहीत का रे?’

आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. घास समोर असूनही तो त्यांच्या तोंडात जात नव्हता.

हे मध्य आफ्रिकेतले हायमेनोकायरस. ग्रीकमधून आलेल्या या नावाचा अर्थ ‘पडद्याचा हात’, कारण यांच्या पुढच्या बोटांनाही पडदे असतात. विकत घेताना तेच बघावं. पुढची बोटं सुटी दिसली तर तो झेनोपस, याचाच मोठा भाऊबंद. तो तळहाताएवढा होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. हायमेनोकायरस तीन-चार सेंटिमीटरवर थांबतो. जन्मभर पाण्यात राहतो म्हणून त्याला कल्ले असतील असं अनेकांना वाटतं. पण कल्ले फक्त डिंभकाला, म्हणजे शेपटीवाल्या पिल्लाला. मोठा बेडूक फुप्फुसांनी श्वास घेतो, त्यासाठी सारखा वर येतो.

आणि त्याला जीभ नसते. बेडूक म्हटलं की चिकट जीभ फेकून माशी टिपणारा प्राणी आठवतो, पण ती करामत हवेतली. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन. पाण्यात जीभ फेकली तर तिच्यापुढे पाण्याचा लोट तयार होईल आणि भक्ष्य दूर ढकललं जाईल. म्हणून हायमेनोकायरस उलटं करतो. घशाच्या तळाचं हाड झपकन खाली ओढतो, तोंडाची पोकळी एकदम वाढते, आतला दाब उतरतो आणि बाहेरचं पाणी भक्ष्यासकट आत घुसतं. त्याचं पिल्लूही हेच करतं. बहुतेक डिंभक शेवाळ खरवडतात किंवा पाणी गाळून खातात. याचा डिंभक मात्र नळीसारखं तोंड पुढे काढून शिकार ओढून घेतो. स्टीफन डेबन आणि वेंडी ऑल्सन यांनी हे 2002 साली ‘नेचर’मध्ये मांडलं.

आता मेणबत्तीकडे येऊ. हातभर अंतरावरून ती फुंकून विझवता येते. तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवा बरं! ज्योत हलणारसुद्धा नाही. फुंकलेली हवा एका दिशेने झोताने जाते, ओढलेली मात्र चहूबाजूंनी येते. पाण्यातही तसंच. बेडकाच्या तोंडाभोवती एकात एक गोल कल्पा. प्रत्येक गोलातून सेकंदाला तेवढंच पाणी आत यायला हवं. पण अंतर दुप्पट केलं की गोलाचं क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणजे वेग पाव. तिप्पट अंतरावर एक नवमांश. या बेडकाचं तोंडच मुळात काही मिलिमीटरचं. बोटभर दूरचा दाणा त्याच्या दृष्टीने दुसऱ्या गावात आहे. शिवाय त्याची नजर अधू, शोध मुख्यतः वासावर. माशाबरोबर ठेवलात तर हा वास घेत पोचेपर्यंत माशाने ताट साफ केलेलं असतं. आणि आत आलेलं पाणी मासा कल्ल्यांवाटे मागे सोडतो. बेडकाला ते तोंडातूनच परत काढावं लागतं, घास न सांडता.

तिला सांगितलं, दाणे बंद कर. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखे जीव) वितळवून घे आणि लांब ड्रॉपरने अगदी नाकासमोर सोड. मोठ्या बेडकाला एक दिवसाआड पुरे.

‘स्वयंपूर्ण’ हा शब्द मात्र डोक्यात गेला. उरलेलं अन्न आणि विष्ठा यांपासून विषारी अमोनिया होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, हे खरं. पण ती वसाहत जमायला काही आठवडे लागतात, तिला वाहतं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं, आणि साठलेलं नायट्रेट जायला शेवटी पाणी बदलावंच लागतं. मूठभर खड्यांत जादू नसते. दोन बेडकांना निदान वीस लिटर पाणी, हळू चालणारा फिल्टर, 24 ते 26 अंश तापमान आणि घट्ट झाकण हवं. बाहेर उडी मारलेला बेडूक काही वेळात सुकून मरतो. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच घालावं, कारण यांची कातडी पाण्यातलं बरंच काही शोषते.

टाकीला हात लावल्यावर साबणाने धुवायचे, आणि तिचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतायचं नाही. 2008 ते 2011 या काळात अमेरिकेत साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूची साथ आली, तिचा माग या बेडकांपर्यंत पोचला होता. आजारी पडलेल्यांत लहान मुलंच जास्त होती.

परवा तिने व्हिडिओ पाठवला. बेडूक एका पायावर तोल सांभाळत पाण्यात तरंगतोय, हातपाय पसरून, मेल्यासारखा. (तो असाच आराम करतो, घाबरू नये.) ड्रॉपर जवळ येतो, लाल अळी नाकापुढे डुलते. तो ढिम्म. आणि पुढच्या क्षणी अळी नाहीच. मी व्हिडिओ सगळ्यात हळू वेगाने लावला, तरी तोंड उघडल्याचं एकाच चित्रात सापडलं.