डिस्कची मालकी आणि डिस्कची परवानगी

नवी मुंबईत महापे-रबाळेच्या पट्ट्यात डेटा सेंटरमध्ये काम केलेल्याला गेटपासचा त्रास वेगळा सांगायला नको. बिघडलेली हार्ड डिस्क बाहेर न्यायची, डिस्क आपल्याच कंपनीची, बिल हातात. तरी मटेरियल गेटपासवर सही नसेल तर गेटवरचा सिक्युरिटीवाला हलू देत नाही. मालकी वेगळी, परवानगी वेगळी.

सर्व्हरच्या आत मात्र बरीच वर्षं उलटा कारभार होता. युनिक्समध्ये, आणि त्याच वळणाच्या लिनक्समध्ये, फाइलचा मालकच परवानगी ठरवतो आणि रूटला, म्हणजे सर्वाधिकारी खात्याला, सहसा कोणी अडवत नाही. डिस्कांवर व्हॉल्यूम, म्हणजे वापरायचे भाग, बांधणारं एलव्हीएम, स्टोरेजकडे जाणाऱ्या अनेक वाटा सांभाळणारं मल्टिपाथडी, डिस्कची तब्येत बघणारं स्मार्टडी, हे सगळे रूट म्हणूनच चालतात.

मालकालाही ओलांडता येणार नाही असा नियम हवा, हा विचार लष्करी. 1973 पासून बेल आणि लापाडुला या अमेरिकी संशोधकांनी गोपनीयतेच्या श्रेणींचं गणित मांडलं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या 1983 च्या ‘ऑरेंज बुक’ने ऐच्छिक (मालक ठरवेल ते) आणि अनिवार्य (मालकालाही बांधणारं) नियंत्रण असे दोन भाग पाडले. पण एलव्हीएम ‘गोपनीय’ की ‘अतिगोपनीय’? या प्रश्नालाच अर्थ नाही. उपयोगी कल्पना आली 1985 मध्ये, बोबर्ट आणि केन यांच्याकडून: प्रक्रियेला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, डोमेन, वस्तूला टाइप, आणि कोणी कशाला हात लावायचा याचा तक्ता. त्याच धाग्यावर अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने डिसेंबर 2000 मध्ये एसईलिनक्स, म्हणजे लिनक्ससाठीचं अनिवार्य नियंत्रण, सगळ्यांसाठी खुलं केलं. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, एकच पद्धत कायमची बसवायला लिनक्सचे कर्ते टोरवाल्ड्स तयार नव्हते, म्हणून आधी वेगवेगळ्या सुरक्षा पद्धती जोडता येतील अशी एलएसएमची चौकट आली आणि 2003 मध्ये 2.6 कर्नलबरोबर एसईलिनक्स आत गेलं.

फेडोरा कोअर 2 या लिनक्स वितरणात एसईलिनक्सचं सगळ्यांनाच बांधणारं कडक धोरण, म्हणजे नियमांचा तक्ता, होतं; ते मुळातच बंद ठेवून द्यावं लागलं. कोअर 3 ने शहाणपणा केला आणि डीएनएस, वेब सर्व्हर अशा नेटवर्ककडे तोंड करून बसलेल्या मोजक्या सेवाच बांधल्या. स्टोरेज त्या यादीत नव्हतं.

खरी गोम स्टोरेजमध्येच आहे. एसईलिनक्सची लेबलं, म्हणजे कोणत्या फाइलचा टाइप कोणता याच्या चिठ्ठ्या, राहतात फाइलसिस्टिमवर, म्हणजे डिस्कवरच. ज्याने डिस्कचं डिव्हाइस थेट उघडलं तो लेबलांच्या खालून ब्लॉक वाचतो. वरचे सगळे नियम त्याच्यापुरते कागदावर. म्हणून 2005 पासून ट्रेसिस या कंपनीने बांधलेल्या रेफरन्स पॉलिसीत, म्हणजे एसईलिनक्सच्या पायाभूत धोरणात, स्थिर डिस्कना स्वतंत्र टाइप आहे, आणि ‘नेव्हरअलाउ’ची अट आहे: ठरावीक डोमेन सोडून कोणाला ती थेट वाचण्याची परवानगी दिली, तर (ही तपासणी बंद केलेली नसेल तोवर) धोरण कंपाइलच होत नाही. डोमेनची नावं अशी: एलव्हीएमला ‘एलव्हीएम_टी’, स्मार्टडीला ‘एफएसडीमन_टी’. मल्टिपाथडीही एलव्हीएमच्याच डोमेनमध्ये बसवलेलं आहे, जे मला थोडं आळशीपणाचं वाटतं.

एलव्हीएम_टीच्या हातात डिस्क राहतेच, ती काढून घेता येत नाही. कमी होतं ते बाकीचं फिरणं.

आमच्याकडे एका स्टोरेज व्हेंडरच्या इंजिनीअरने बसल्याबसल्या पहिली कमांड दिली, ‘सेटएन्फोर्स 0’, म्हणजे एसईलिनक्सची सक्ती बंद. नंतर आम्ही ते परत चालू केलं. पण त्याच्या कंपनीचा एजंट, म्हणजे मागे चालत राहणारा प्रोग्रॅम, ‘ऑप्ट’ फोल्डरमध्ये टाकलेला. त्याच्यासाठी धोरणात डोमेनच नाही. कोण कोणत्या डोमेनमध्ये आहे ते दाखवणारी ‘पीएस -ईझेड’ कमांड मारली तर तो ‘अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी’, म्हणजे बंधनाबाहेरची सेवा, म्हणून निवांत चालू होता, गेटपासशिवाय.