शिंजीर फोटोत काळा का येतो?

कोल्हापुरात परसदारी जास्वंद असली, की जांभळा शिंजीर हा पक्षी मध प्यायला येतोच. पण खिडकीतून त्याचा फोटो काढला, तर बहुतेक वेळा फुलाशेजारी एक काळा आकार तेवढा उमटतो. दोष कॅमेऱ्याला दिला जातो, मात्र खरे कारण नराच्या पिसांच्या रचनेत आहे.

चिमणीचा तपकिरी रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा असतो आणि तो कोणत्याही बाजूने तपकिरीच दिसतो. शिंजीर नराच्या पिसांतही मेलॅनिनच असते. जांभळे किंवा निळे रंगद्रव्य त्यांत मुळीच नसते. पिसांच्या अतिसूक्ष्म शाखांमध्ये मेलॅनिनचे कण केरॅटिन या प्रथिनात थराथरांनी रचलेले असतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते आणि हे थर तिच्याहूनही पातळ असल्यामुळे वेगवेगळ्या थरांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात, तेव्हा काही रंगांना बळ मिळते आणि काही रंग मावळतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर रंग दिसतात, तेही किरणांच्या याच मिसळण्यामुळे, म्हणजे व्यतिकरणामुळे. असा रंग ठरावीक दिशेनेच परततो, आणि कॅमेरा त्या दिशेला नसेल तर मेलॅनिनचा काळेपणा तेवढा उरतो. शिंजीर येत नसेल, तर गॅलरीतल्या पारव्याची मान पाहावी. तो मान वळवतो तसा हिरवा रंग जांभळ्यात बदलतो.

पोपटाचे मात्र असे होत नाही. त्याचा हिरवा रंग पिवळे रंगद्रव्य आणि निळा प्रकाश विखुरणारी सच्छिद्र रचना यांच्या मिश्रणातून तयार होतो, आणि ही रचना थरांसारखी शिस्तीत नसल्यामुळे तो कोणत्याही बाजूने जवळपास सारखाच हिरवा दिसतो.

म्हणून शिंजिराचा फोटो काढताना महागड्या लेन्सपेक्षा सूर्य कोठे आहे हे अधिक महत्त्वाचे ठरते. सकाळी ऊन छायाचित्रकाराच्या पाठीमागून पक्ष्यावर पडत असेल, तर परतलेला प्रकाश कॅमेऱ्याकडे येण्याची शक्यता वाढते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास कोल्हापुरात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा पक्ष्याची पाठ उजळते आणि गळा व पोट सावलीत जाते. पाठीमागे उजळ आकाश असेल, तर कॅमेरा सारे दृश्य सरासरी उजेडाचे धरून पक्षी आणखी काळा करतो, त्यामुळे एक्स्पोजर थोडे वाढवावे लागते. फुलासमोर पंख फडफडवणाऱ्या शिंजिरासाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके किंवा त्याहून वेगवान असलेले बरे. फोटो घेतल्यावर संगणकावर रंग गडद करण्याची हौस अनेकांना असते. परंतु जो प्रकाश सेन्सरपर्यंत पोहोचलाच नाही, तो तेथे कोठून येणार?

विणीचा हंगाम संपल्यावर जांभळ्या शिंजिराचा नर ही चमकदार पिसे बरीचशी टाकतो आणि मादीसारखा वरून तपकिरी, खालून पिवळसर दिसू लागतो. त्या दिवसांत चमक शोधण्यात वेळ घालवू नये; पक्षी समोरून टिपावा, म्हणजे गळ्यापासून छातीच्या मध्यावर उतरणारा गडद पट्टा फोटोत येतो आणि नर व मादी वेगळे ओळखता येतात.