पुण्याचं पारडं जड, तर स्वर्ग?

‘ख्रिस्ती धर्मात चांगली कामं पापांपेक्षा जास्त भरली की स्वर्ग,’ हा मेसेज कैक वर्षं फिरतोय. रावेर-यावलला केळी काट्यावर मोजणाऱ्या आपल्याला तो पटणं साहजिक आहे. पण बायबलमध्ये इफिसकरांस पत्र उघडा, अध्याय २, ओव्या ८ ते १०. तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं, विश्वासाद्वारे मिळतं. ते देवाचं दान आहे, कर्मांची मजुरी नव्हे. मग सत्कर्मं कशाला? दहावी ओवी नेमकी इथेच वाचायची: ती तारणाची किंमत नाहीत, तारलेल्याची वाट आहेत. बायबलमधल्याच लूकच्या शुभवर्तमानात, अध्याय २३ मध्ये, येशूशेजारच्या वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला तर पुण्य जमवायला वेळच नव्हता, तरी येशूनं त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं, म्हणजे स्वर्गाचं, वचन दिलं. कर्मांच्या जागेबद्दल कॅथलिक-प्रोटेस्टंट मांडणी वेगळी. कृपा आधी, हे दोघांनाही मान्य.